साडेचार लाखांचा कोर्स करू, की आधी बीएस्सी?

प्रश्न : दादा, मी बार्शीची, वय 19, बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हार्मोनियमची मध्यमा परीक्षा झालीये. दोन वर्षं झाली, आधी मोबाईलवर आणि आता भावाच्या लॅपटॉपवर गाणी प्रोग्रॅम करते, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वाद्यं बसवते, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचं एक गाणं पण केलंय. मला म्युझिक प्रोडक्शनच शिकायचंय. मुंबईत एका ठिकाणी एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी साडेचार लाख, राहणं-खाणं वेगळं. बाबा म्हणतात आधी डिग्री घे मग बघू. डिग्री सोडून जाऊ का? आणि कोर्स केल्यावर खरंच काम मिळतं का?

उत्तर : डिग्री सोडू नकोस. बाबा म्हणतात म्हणून नाही, तर उद्या तुला पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कोलकात्याच्या सत्यजित रे इन्स्टिट्यूटमध्ये साउंड शिकावंसं वाटलं तर ग्रॅज्युएशन लागतंच, आणि ते दार एका वर्षाच्या कोर्ससाठी बंद करून घेण्यात काही अर्थ नाही. एफटीआयआयचा साउंडचा कोर्स तीन वर्षांचा आहे, 2009 साली ऑस्कर मिळालेले रसूल पुकुट्टी तिथलेच. पण तिथं शिकवतात तो सिनेमाचा साउंड, म्हणजे लोकेशनवरचं रेकॉर्डिंग, डबिंग, इफेक्ट्स आणि शेवटी सगळ्या आवाजांचा मेळ, म्हणजे फायनल मिक्स. गाणं बसवायला शिकवणारी जागा ती नाही. रहमान यांनी 2008 मध्ये चेन्नईत सुरू केलेल्या केएम कॉन्झर्व्हेटरीत संगीत आणि टेक्नॉलॉजी दोन्ही आहे. तेव्हा आधी स्वतःला विचार की तुला नक्की काय व्हायचंय, कारण यूट्यूबवर ज्याला प्रोड्युसर म्हणतात त्याला आपल्याकडे स्टुडिओत अरेंजर किंवा प्रोग्रॅमर म्हणतात, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठं काय वाजवेल ते बसवणारा, रेकॉर्डिस्ट वेगळा, मिक्स करणारा बऱ्याचदा अजून वेगळा आणि निर्माता म्हणजे पैसे घालणारा. तुझ्या पत्रावरून मला तरी तू अरेंजर वाटतेस.

आता साडेचार लाखांचं. मी स्वतः बावीस वर्षांपूर्वी एक सहा महिन्यांचा कोर्स केला होता, जागेचं नाव सांगत नाही. बॅचमध्ये आम्ही 24 जण आणि स्टुडिओ एकच, तोही सर बाहेरच्या कामाला गेले की कुलूपबंद. सहा महिन्यांत फेडरवर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर, माझा हात जेमतेम चार तास पडला असेल. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली होती, ते अजून मनातून जात नाही. म्हणून कळकळीने सांगतो, त्या जागेला सॉफ्टवेअर कुठलं शिकवता हे विचारूच नकोस, सॉफ्टवेअर कुठंही शिकता येतं. विचार की बॅच किती जणांची, एका विद्यार्थ्याला महिन्याला स्टुडिओचे किती तास मिळतात, रात्री बुकिंग मिळतं का, जिवंत वादक बोलावून रेकॉर्डिंग करायला देतात का की फक्त लूप, म्हणजे परत परत वाजणारे तयार तुकडे, लावून दाखवतात, शिकवणारे आजही सेशन करतात का. आणि मागच्या वर्षीच्या दोन मुलांचे नंबर माग, ऑफिसातलं कुणी समोर नसताना त्यांच्याशी बोल. यातल्या एकाचं जरी उत्तर गोलगोल आलं तर पैसे भरू नकोस.

कोर्समध्ये विकत घेण्यासारखं काय असतं तर स्टुडिओच्या खुर्चीवरचे तास आणि शेजारी बसलेली माणसं. बाकी बरंच काही बार्शीत बसून होतं. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरता येतं, वैयक्तिक वापराचं लायसन्स 60 डॉलर, आणि त्यात होत नाही असं तुला पुढची दोन वर्षं तरी काही लागणार नाही.

तू फिजिक्सची आहेस तर आधी तुझी खोली मोज. समोरासमोरच्या भिंतींत 10 फूट अंतर असेल तर साधारण 56 हर्ट्झला ती खोली घुमणार, आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट, इतकं सोपं गणित आहे. बेसचा खालचा पांढरी सहाचा सूर 55 हर्ट्झवर, म्हणजे बरोब्बर तिथंच. भिंतीला टेकून बसलीस तर तो एक सूर फुगून ऐकू येणार, तू तो कमी करणार, आणि दुसऱ्याच्या घरी गाणं लावलं की बेस गायब. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून यातलं काहीही थांबत नाही. गोधड्यांनी वरचा खणखणाट जातो, त्या जरूर लाव, पण खालचा घुमारा अडवायला खूप जाडी लागते, म्हणून बेस नेहमी हेडफोनवर आणि दुसऱ्या खोलीत जाऊन तपासायचा.

भजनी मंडळाचं गाणं केलंस म्हणतेस तर ढोलकीचं सांगतोच, कारण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी एका मंदिरातल्या कार्यक्रमासाठी ढोलकी रेकॉर्ड केली होती, दोन्ही तोंडांना एकेक माइक, एक डावीकडे एक उजवीकडे, हेडफोनवर काय भव्य वाटत होती. मंदिरात कर्ण्यावर लावली तर धुमच नाही, नुसती टिकटिक. झालं असं की थाप पडली की एक पान आत जातं आणि हवेच्या दाबाने दुसरं बाहेर येतं, म्हणजे दोन माइकना उलटसुलट सिग्नल मिळतो आणि मोनोत, म्हणजे कर्ण्यासारखं डावं-उजवं एकाच आवाजात, दोन्ही एकत्र आले की खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. एका चॅनलवर पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटी करायचं बटण असतं, ते दाबून मोनोत ऐकायचं आणि ज्यात धुम भरतो ते ठेवायचं. एवढंच. पण ते कळायला अख्खं मंडळ माझ्याकडे बघत उभं असताना मान खाली घालावी लागली. तुझं गाणं आजच मोनोत ऐकून बघ.

आणि हो, हार्मोनियम सोडू नकोस, पण सोबत तंबोरा लावून गायला शीक. हल्ली सूर सरळ करायचं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लावलं जातं, ते बारा सुरांच्या खुंट्यांवर आवाज ओढतं. जोरात लावलं की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेचा जिना होतो आणि दरबारी रागाचा झुलता, आंदोलित गंधार खिळा मारल्यासारखा उभा राहतो. कुठला सूर खरंच घसरलाय आणि कुठला मुद्दाम झुलवलाय हे सॉफ्टवेअरला कळत नाही, ते तुझ्या कानाला कळायला पाहिजे. असे कान असलेला माणूस स्टुडिओत लगेच ओळखू येतो आणि त्याला परत बोलावतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कामाचं खरं सांगू? सर्टिफिकेट बघून मला आजवर कुणी काम दिलेलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं असिस्टंट म्हणून केबल गुंडाळणं, फाइलींना नीट नावं देणं, बॅकअप घेणं हेच असतं आणि पैसे फार कमी मिळतात, पुण्या-मुंबईत एकट्याने भाडं भरण्याइतके नाही. बाबांशी बोलताना हे लपवू नकोस. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत सोलापूर किंवा पुण्यातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओत महिनाभर नुसतं बसायला मिळतं का बघ, बाबांना सोबत घेऊन जा, त्यांनाही जागा आणि माणसं बघू देत. आमच्याकडे मुली अजून कमीच आहेत, त्यामुळे रात्रीची सेशन, घरी परत कसं यायचं, हे आधीच स्पष्ट विचारायचं, त्यात संकोच करायचा नाही. त्या महिन्यानंतरही हेच करायचंय असं वाटलं तर डिग्री हातात घे आणि मग कोर्सचं ठरव.

प्रश्न : मी 34 वर्षांचा, सांगली भागात ऑर्केस्ट्रा आणि नाटकांच्या दौऱ्यांना साउंड ऑपरेट करतो. सगळं काम बघून बघून शिकलो. आता स्टुडिओ मिक्सिंग शिकावं म्हणतो, उशीर झाला का? शिवाय हल्ली रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं.

उत्तर : भाऊ, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, मिक्सिंगचं नंतर. 85 डेसिबलला 8 तास चालतात असं धरलं तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला 4 तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. ढोलताशाच्या शेजारी किंवा सबवूफरपुढं उभं राहून तुम्ही रोज किती वेळ काढता ते तुम्हीच मोजा. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, त्यातून सगळा आवाज सारखाच कमी होतो, साउंडचेकपासून घाला. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही हो, माझ्या बरोबरीचे दोन उत्तम ऑपरेटर या एका गोष्टीमुळे लाईन सोडून गेलेत.

उशीर अजिबात झालेला नाही. नाटकात कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणाऱ्या माणसाला बॅलन्स शिकवावा लागत नाही. तुमच्या डिजिटल मिक्सरला यूएसबी असेल तर कलाकारांची परवानगी घेऊन प्रत्येक कार्यक्रम मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइक वेगळा, रेकॉर्ड करा आणि घरी हळू आवाजात मिक्स करा. रेकॉर्डिंगची सेटिंग 48 किलोहर्ट्झ 24 बिट ठेवा. एवढा जिवंत माल पैसे भरूनही क्लासमध्ये मिळणार नाही. लाखभराचा कोर्स तुम्हाला नको, एखाद्या चांगल्या मिक्स इंजिनिअरकडे महिन्यातून एक दिवस तुमची मिक्स घेऊन जा आणि तासाचे पैसे द्या.

प्रश्न : मी एका चॅनलसाठी चाल आणि म्युझिक दोन्ही केलं. त्यांनी एकरकमी पैसे दिले आणि "सगळे हक्क आमचे" असं लिहून घेतलं. आता काहीच मिळणार नाही का? (वाचक, नाशिक)

उत्तर : रेकॉर्डिंगचे हक्क त्यांचे असू शकतात. पण 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गाणं वाजल्यावर येणाऱ्या रॉयल्टीतला संगीतकाराचा आणि गीतकाराचा वाटा असा लिहून देता येत नाही, तो तुमचाच राहतो. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य व्हा, गाणं तिथं नोंदवा, आणि तो कागद एकदा वकिलाला दाखवा. फक्त प्रोग्रॅमिंग केलं असतं तर गोष्ट वेगळी होती, प्रोग्रॅमरला जे काय मिळायचं ते ठरवलेल्या फीमधूनच मिळतं, म्हणून पुढच्या वेळी क्रेडिट, फी आणि किती करेक्शन फुकट हे निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय प्रत्येक वाद्याचे वेगवेगळे ट्रॅक पाठवू नका.