शेवटच्या वर्षाचा पेपर आधी वाच

प्रश्न : मॅडम, नमस्कार. कॉलेजच्या फॉर्मवर मेजर, म्हणजे मुख्य, आणि मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम, असे दोन विषय भरायचे आहेत. मला मानसशास्त्र आवडतं. बाबांचं म्हणणं, मेजरला संगणकशास्त्र घे आणि मायनरला मानसशास्त्र, म्हणजे पोटापाण्याचंही झालं आणि हौसही भागली. आई म्हणते, झेपेल ते घे. गणित मला जमतं, पण त्यात जीव रमत नाही. फॉर्मला 12 दिवस उरलेत आणि घरात रोज जेवताना हाच वाद. काय करू?
– दोन्हीकडून ओढली जाणारी

उत्तर : अगं, तुझ्या घरात तिघं जण तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. बाबा सांगताहेत नोकरी कशाने मिळेल, आई सांगतेय नापास कशात होणार नाहीस, आणि तू सांगतेयस काय आवडतं. मग वाद मिटणार कसा? तिघांत तुझाच प्रश्न मला बरा वाटतो, पण तो तू अर्धाच विचारलायस.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. शेवटची 9 वर्षं वर्गाबरोबर आणखी एक काम होतं, विषय निवडायला आलेल्या मुलांसमोर टेबल मांडून बसायचं. ‘मानसशास्त्र आवडतं’ म्हणणाऱ्यांना मी विचारायची, त्यातलं नेमकं काय? बहुतेकदा उत्तर यायचं, ‘सगळे माझ्याकडे मन मोकळं करतात.’ छानच आहे. पण तो झाला तुझा स्वभाव, विषय नव्हे. विषय म्हणजे त्यात रोज बसून काय करावं लागतं ते.

तेव्हा या 12 दिवसांतली एक संध्याकाळ मला दे. दोन्ही विषयांचा अभ्यासक्रम काढ, पण पहिलं वर्ष उघडू नकोस. पहिलं वर्ष सगळ्याच विषयांचं गोड असतं, गिऱ्हाईक आत यावं म्हणून दुकानाची दर्शनी काच सजवतात तसं. शेवटच्या वर्षाचे पेपर बघ आणि दोन्हीकडची एकेक जुनी प्रश्नपत्रिका मिळव. सोडवायची नाही, येणारही नाही. नुसती वाचायची. आणि कुठल्या प्रश्नापाशी तुला ‘मग पुढे?’ असं वाटलं, तिथे पेन्सिलीने खूण करायची.

काय दिसेल ते थोडं आधीच सांगते. मानसशास्त्राच्या पेपरात असा प्रश्न असेल : 40 विद्यार्थ्यांना 20 शब्दांची यादी पाठ करायला दिली. निम्म्यांनी शांततेत पाठ केली, निम्म्यांनी गाणी ऐकत. शांततेतल्या गटाला सरासरी 11.4 शब्द आठवले, गाणीवाल्यांना 10.2. हा 1.2 शब्दांचा फरक गाण्यांमुळे पडला, की निव्वळ योगायोगाने? कोण कुठल्या गटात जाणार हे कसं ठरवलं होतं? हुशार मुलं एकाच बाजूला गेली नाहीत ना? मन मोकळं करणारी मैत्रीण इथे कुठेच नाही. आहेत ते रकाने, सरासऱ्या, आणि आपल्याच निष्कर्षावर घेतलेला संशय. तू म्हणतेस गणितात जीव रमत नाही. तर मानसशास्त्रात संख्याशास्त्र दार अडवून उभं असतं, ते चुकवून पुढे जाता येत नाही. याच दारात किती जणांना तोंड वाकडं करताना मी पाहिलंय! आणि काहींना पहिल्यांदाच गणित आवडताना पाहिलंय, कारण या वेळी आकड्यांच्या मागे माणसं होती.

संगणकशास्त्राचा पेपर उघडलास की बाबाही चकित होतील. त्यात संगणकच नसेल! प्रश्न असेल, ‘आधी काही ‘क’ आणि मग तितकेच ‘ख’, अशा सगळ्या ओळी, आणि तेवढ्याच, ओळखणारं यंत्र ठरावीक आणि मर्यादित अवस्थांवर चालू शकत नाही, हे सिद्ध करा.’ म्हणजे असं की, यंत्राला मोजायला बोटं दहाच दिली आणि ‘क’ आले हजार, तर ते कुठेतरी मोजणी विसरणारच. मग ‘ख’ हजार आले की नऊशे नव्वद, हे त्याला कसं कळणार? हे वाचून तुझ्या डोक्यात काही हललं, तर संगणकशास्त्र तुझ्यासाठी आहे. नुसतं ‘पुढे पगार बरा मिळतो’ एवढंच आठवलं, तर चार वर्षं फार लांब आहेत.

आता बाबांचा तोडगा. हौस मायनरमध्ये भागवायची, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मायनर म्हणजे हौसेचा खण नाही. अमेरिकी पद्धतीची चार वर्षांची पदवी साधारण 120 क्रेडिटची असते. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप. त्यात मायनरच्या वाट्याला सहसा पाच-सहा पेपर, म्हणजे 15 ते 20 क्रेडिट येतात. आणि हे पेपर सुटे नसतात. ‘हा झाल्याशिवाय तो नाही’ अशी साखळी असते. मानसशास्त्राच्या मायनरमधून तुला ज्या पेपरची खरी ओढ आहे तिथवर साखळी पोचते का, ते बोट ठेवून मोज. कधीकधी ओळखपरेडीतच पाच पेपर संपतात.

इथे माझी एक चूक कबूल करते. एका मुलाचा मायनरचा आराखडा मी तपासून सही केली. सगळं जुळत होतं, फक्त पाचवा पेपर वर्षाआड शिकवला जातो हे मी पाहिलं नव्हतं. त्याच्या शेवटच्या वर्षी तो नेमका नव्हता. चार पेपर पदरात आणि मायनर नाही. तो मला काही बोलला नाही, हेच जास्त लागलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विभागात जाऊन विचारायला लावायची, हा पेपर कधी-कधी असतो आणि गेल्या दोन वर्षांत खरंच शिकवला गेला का. छापील यादीवर विसंबू नकोस. यादीत असे पेपर असतात, जे शिकवणारे केव्हाच निवृत्त झालेत.

तुला आणि बाबांना मिळून एका माणसाची गोष्ट सांगते, हर्बर्ट सायमन. पदवी आणि पीएच.डी. दोन्ही राज्यशास्त्रात, शिकागो विद्यापीठातून. माणसं निर्णय कसे घेतात हा एकच प्रश्न त्याने आयुष्यभर धरून ठेवला, आणि त्यापायी मानसशास्त्रात शिरला, अर्थशास्त्रात शिरला, संगणकातही शिरला. 1975 साली सहकारी अॅलन न्यूएलबरोबर संगणकशास्त्राचं ट्युरिंग पारितोषिक आणि 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल! असे सायमन रोज जन्मत नाहीत, हे मलाही कळतं. पण बाबा ज्या दोन विषयांना एकमेकांसमोर उभं करताहेत, ते त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी होते. त्याचाच एक विचार तुझ्या 12 दिवसांना लागू पडतो. माणूस सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडत नाही, तेवढा वेळ आणि तेवढी माहिती कुणाकडेच नसते. आपल्या गरजेला पुरेसा चांगला पर्याय सापडला की तो थांबतो. तूही थांब.

माझा कल विचारशील तर, पेन्सिलीच्या खुणा मानसशास्त्राकडे जास्त पडल्या, आणि त्या गाणीवाल्या प्रश्नापाशीही पडल्या, तर मेजरला मानसशास्त्र आणि मायनरला संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र घे. गणित जमतं म्हणतेस ना, मग ते इथे वापर. बाबांना हेही आधीच सांगून टाक की समुपदेशक व्हायचं तर नुसत्या पदवीवर भागत नाही, पुढचं शिक्षण आणि जाणत्यांच्या देखरेखीखालचा सराव लागतो. नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल. आणि आकड्यांचं पान तू न वाचताच उलटलंस, तर मात्र बाबांचं म्हणणं पुन्हा एकदा ऐक. त्या वेळी मीही त्यांच्याच बाजूने असेन. आईला सांग, झेपण्याचं पहिल्या परीक्षेनंतर बघू.

प्रश्न : मुलगा मेजरला इतिहास घेतोय, ते आम्ही मान्य केलं. आता म्हणतो मायनरला भाषाशास्त्र. या मायनरला बाहेर कुणी विचारतं का? की नुसता कागदावरचा अलंकार?
– एक वडील

उत्तर : आधी कागदाचं बोलू. मायनरची नोंद सहसा सर्व सत्रांच्या गुणांच्या उताऱ्यावर असते. पदवीच्या प्रमाणपत्रावर ती येईलच असं नाही. संस्थेचा नियम लेखी मागून घ्या.

मेजर-मायनर हे शब्द जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 1877–78 च्या माहितीपत्रकात पहिल्यांदा आले, असं सांगतात. तेव्हाचा हिशेब सरळ होता, मेजरचा अभ्यास दोन वर्षं, मायनरचा एक वर्ष. म्हणजे अलंकार म्हणून तो घडवलेला नव्हता. बाहेर विचारतात का, तर ‘मायनर काय होतं?’ असं कुणी फारसं विचारत नाही. ‘यातलं तुला काय करता येतं?’ हे विचारतात. भाषाशास्त्र शिकलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुन्या कागदातला एखादा शब्द कुठल्या काळचा असावा, यावर चार वाक्यं आधाराने बोलता आली, तर त्या मायनरने आपलं काम केलं.

आणि योगायोग बघा, तुमच्या मुलाचीच जोडी एडवर्ड विटनची होती. ब्रँडाइस विद्यापीठातून 1971 साली पदवी, मेजरला इतिहास, मायनरला भाषाशास्त्र. पुढे तो भौतिकशास्त्राकडे वळला आणि 1990 साली गणितातलं फील्ड्स पदक मिळवलं. यावरून इतिहास घेतला की गणितज्ञ होतो असं मात्र घरी सांगू नका.

प्रश्न : तिसऱ्या सत्रात आहे. मेजर भौतिकशास्त्र. मन जीवशास्त्रात अडकलंय. आता बदललं तर झालेलं सगळं वाया जाईल ना?
– उशीर झालेला

उत्तर : ‘सगळं’ म्हणजे किती, ते मोजलंस का? एका कागदावर झालेले पेपर लिही आणि प्रत्येकासमोर लिही की नव्या मेजरमध्ये तो कुठे बसेल : मेजरमध्ये, मायनरमध्ये, की ऐच्छिकमध्ये. गणित आणि रसायनशास्त्र बहुधा जसंच्या तसं जाईल. भौतिकशास्त्राचे जे उरतील त्यांत एक-दोन पेपर घालून तोच मायनर होतो का, हे कार्यालयात विचार. मग खऱ्या अर्थाने वाया जाणारे किती, ते कळेल. मी बसवलेल्या अशा हिशेबांत ते बहुतेकदा भीतीपेक्षा कमीच निघाले.

‘पण आधीच तीन सत्रं घातलीत’ हे कारण मात्र या कागदावर लिहू नकोस. मेजर बदललंस काय आणि न बदललंस काय, ती सत्रं संपलेलीच आहेत.

उशिराचं म्हणशील तर व्यंकटरामन रामकृष्णन यांनी 1976 साली भौतिकशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून नाव घातलं. 2009 सालचं नोबेल त्यांना राइबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेवरच्या कामासाठी मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. तू तिसऱ्या सत्रात आहेस.

प्रश्न : जवळच्या मित्राने जो मायनर घेतलाय तोच घेऊ का? अभ्यास एकत्र होईल.
– दोघांपैकी एक

उत्तर : नको. तो दुसऱ्या सत्रात बदलणार आहे.