फुग्याला अँटेना बांधून करिअर होतं का?

नमस्कार सर, तुमचं पत्र वाचलं. मुलगी ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) थर्ड इयरला आहे, तिला प्रोजेक्टसाठी दोरीने बांधलेल्या फुग्यावर अँटेना चढवून आर्मीच्या वायरलेसची रेंज वाढवायचीय, आणि तुम्ही विचारताय की फुगे उडवून नोकरी लागते का.

सर, आधी तिने काय पकडलंय ते बघा. आर्मीच्या वायरलेससारखा व्हीएचएफ (व्हेरी हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओ साधारण सरळ रेषेत चालतो, मधे डोंगर किंवा पृथ्वीची गोलाई आली की संपला. १० मीटरच्या मास्टवरून (अँटेनाच्या खांबावरून) जमिनीवरच्या सेटपर्यंत हिशोबाने १३ किमी मिळतात, तोच अँटेना १०० मीटरवर नेला तर ४१ आणि १००० मीटरवर १३० किमीच्या आसपास, आणि ड्रोन बॅटरी संपली की खाली येतो पण फुग्याला दोरीतूनच वीज आणि फायबर (डेटाची केबल) जाते म्हणून तो कित्येक दिवस वर राहू शकतो. आपल्याकडे डीआरडीओच्या आग्र्याच्या एडीआरडीई लॅबने 'आकाशदीप' एरोस्टॅट (म्हणजे असाच दोरीने बांधलेला मोठा फुगा) बनवलाय, त्याच लॅबचं (बिनदोरीचं) एअरशिप मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून १७ किमी उंच गेलं होतं. आयआयटी बॉम्बेच्या एरोस्पेसमध्येही या विषयावर काम झालंय.

पण स्पष्ट सांगतो, फक्त एरोस्टॅटच्या जागा मोजक्याच असतात. त्यामुळे तिने स्वतःला 'बलूनवाली' न म्हणता आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) आणि अँटेनाची इंजिनिअर म्हणून तयार करावं, ते काम डीआरडीओ, बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स), टेलिकॉम सगळीकडे लागतं. डीआरडीओत सायंटिस्ट बी व्हायचं तर गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा स्कोअर लागतो आणि गेट थर्ड इयरलाही देता येते. वर्दी हवी असेल तर आर्मीची एसएससी (शॉर्ट सर्व्हिस कमिशन) टेक विमेन एंट्री आहे, फायनल इयरला अर्ज करता येतो, मग एसएसबी (निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत), ओटीएमध्ये (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) ट्रेनिंग, आणि कोअर ऑफ सिग्नल्स (आर्मीची संपर्क यंत्रणा सांभाळणारी शाखा) मिळाली तर हेच काम रोजचं. या दोन्ही वाटा एकदम चालू ठेवता येतात, एक निवडायची घाई नको.

प्रोजेक्टबद्दल, हेलियमच वापरा, हायड्रोजन पेट घेतो म्हणून त्याच्या वाटेला जाऊच नका. एक घनमीटर हेलियम ढोबळमानाने एक किलो उचलतं, म्हणजे २ मीटर व्यासाचा फुगा चारेक किलो, त्यातून कापड आणि दोरीचं वजन वजा. गोल फुगा वाऱ्यात आडवा होऊन खाली दबतो, खरे एरोस्टॅट शेपटीवाले माशासारखे असतात ते त्यासाठीच, तेव्हा मेकॅनिकलचा एक पार्टनर घ्यायला सांगा. लोरा (कमी विजेत लांब पोचणारा छोटा रेडिओ) मॉड्यूल ८६५-८६७ मेगाहर्ट्झवर चालवलं तर वेगळं लायसन्स लागत नाही. विमानतळाजवळ मात्र अजिबात नाही, आणि उडवण्याआधी कॉलेजमार्फत लेखी परवानगी काढा. २०१५ मध्ये अमेरिकेत आर्मीचा एक मोठा एरोस्टॅट मेरीलँडमधून सुटून पेनसिल्व्हेनियापर्यंत गेला, लोंबकळणाऱ्या दोरीने विजेच्या तारा तुटल्या, त्यामुळे दोरीची ताकद आणि वाऱ्याचा हिशोब रिपोर्टमध्ये हवाच.

गेटचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. तोवर तिला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आणि कम्युनिकेशन हे दोन विषय पक्के करू द्या, आणि हेलियम सिलिंडरचा खर्च जमला तर तुम्ही उचला.