कृषी सल्ला: कट फ्लॉवरची छोटी शेती आणि त्यावर मोसमी वर्कशॉप

नमस्कार मंडळी. दांड्यासकट विकायची फुलं, म्हणजे कट फ्लॉवर, 5-10 गुंठ्यांत लावणारे बरेच जण सध्या विचारतायत की फुलं विकता विकता शेतावरच लोकांना बोलवून बुके बांधायचं नाहीतर फुलं सुकवायचं वर्कशॉप घेता येईल का, आणि घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची. प्रश्न सगळे एकमेकांत गुंतलेत म्हणून उत्तरं पण एकत्रच देतोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: वर्कशॉपची तारीख पेरणीच्या दिवशी ठरवायची. फुलं आली की बघू, चार लोकांना बोलवू, असं केलं की एकतर लोक येतात तेव्हा फुलं नसतात नाहीतर फुलं असतात तेव्हा लोक नसतात.

पहिला प्रश्न एका ताईंचा. 10 गुंठे आहेत, झिनिया, सूर्यफूल, ग्लॅडिओलस, अ‍ॅस्टर असं सगळं लावलं, पण सगळं एकदमच फुललं आणि तीन आठवड्यांत संपलं, पुढं काय विकायचं? ताई, तुमचं पीक चांगलंच आलंय, फक्त लागवड एकाच दिवशी झाली. एक दांड्याचं सूर्यफूल साधारण 50 ते 60 दिवसांत कापायला येतं आणि एका बीला एकच फूल देतं, तिथं विषय संपला. त्यामुळं ते दर 7 ते 10 दिवसांनी थोडं थोडं पेरायचं. अंतर 15 बाय 15 सेंटीमीटर ठेवलं तर चौरस मीटरला 44 च्या आसपास रोपं बसतात आणि फूल बुकेत मावेल एवढं लहान येतं. अंतर वाढवलं की ताटाएवढं फूल येतं, ते दिसायला भारी पण बुकेत बसत नाही. ग्लॅडिओलसचे कंद पण असेच 15 दिवसांच्या अंतरानं लावा. झिनियाचं वेगळं आहे, ती कापाल तेवढी फुटते, पण त्यासाठी रोप 20-25 सेंटीमीटरचं झालं की खालच्या पानांच्या तीन-चार जोड्या ठेवून शेंडा खुडावा लागतो. शेंडा खुडायला जीव होत नाही हे मला माहितीये, समोर कळी दिसत असते, पण खुडला नाही तर एक जाड दांडा आणि बाकी आखूड फुटवे एवढंच हातात येतं. आणि एक दांड्याच्या सूर्यफुलाचा शेंडा कधीच खुडू नका, तिथं दुसरं फूल येतच नाही.

जागा वाटताना निदान एक तृतीयांश जागा हिरव्या पाल्याला आणि फिलरला, म्हणजे मोठ्या फुलांमधली रिकामी जागा भरणाऱ्या बारीक फुलांना, द्या. गोल्डन रॉड, स्टॅटिस, तुरेवाला कोंबडा (सेलोशिया), राजगिऱ्याच्या लाल तुऱ्याच्या जाती, सुवासिक तुळस, शेपूची फुलं, यातलं काहीही चालेल. सगळे जण मोठ्या फुलांच्या मागं लागतात आणि बुके बांधायला बसल्यावर कळतं की भरायला काहीच नाही. जाती पण 25 नकोत, 6-7 घ्या आणि त्या नीट सांभाळा. उंच वाढणाऱ्या पिकाला 15 सेंटीमीटर चौकटीचं आडवं नेट रोपं लहान असतानाच टाकून ठेवा, वाकल्यावर टाकून उपयोग नाही, कारण शेंडा एकदा वर वळला की दांडा कायमचा वाकडा राहतो.

याच्यातच एकानं विचारलंय, शेवंतीला पाला भरपूर पण कळ्याच धरत नाहीत, खत कमी पडतंय का? दादा, आधी रात्री वाफ्याजवळ दिवा चालू असतो का ते बघा. शेवंतीला कळी धरायला सलग मोठी रात्र लागते, अंगणातला नाहीतर रस्त्यावरचा लाइट रात्रभर वाफ्यावर पडत असेल तर रोप नुसतंच वाढत राहतं. दिवा बंद करा किंवा आडोसा करा, आणि नत्राचा डोस पण जरा आवरा.

आता सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, फुलं कापल्यावर दुसऱ्याच दिवशी माना टाकतात. ह्याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण वर्कशॉपला आलेला माणूस घरी बुके घेऊन जाणार आणि तो तिथं किती दिवस टिकला यावरच पुढच्या वेळी येणार की नाही ते ठरवणार.

पहिलं म्हणजे कापायची अवस्था. प्रत्येक फुलाची वेगळी असते, एकच नियम सगळ्यांना लावायचा नाही. झिनिया फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलकेच हलवा, मान डुलली तर अजून कच्ची आहे, ताठ राहिली तरच कापा. सूर्यफुलाच्या पाकळ्या चकतीवरून नुकत्याच उचलायला लागल्या की कापायचं, पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं नाही. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की बास, वरच्या पाण्यात उमलतात, फक्त झाडावर किमान चार पानं सोडा नाहीतर खालचा कंद पोसत नाही आणि पुढच्या हंगामाचं बियाणं गेलं. आणि कापलेला ग्लॅडिओलस उभाच ठेवायचा, आडवा ठेवला की टोकं वर वळतात. डेलिया उलटी, ती कळीत कापली तर नंतर उमलत नाही, जवळजवळ पूर्ण फुललेलीच कापायची.

दुसरं, वेळ आणि बादली. पहाटे ऊन चढायच्या आत कापा, तेव्हा दांड्यात पाणी भरपूर असतं. बादली सोबत घेऊनच वाफ्यात जा, कापलं की लगेच पाण्यात. बांधावर ढीग घालून मग एकदम बादलीत टाकायची सवय खूप ठिकाणी आहे, तेवढ्या वेळात दांड्याच्या तोंडातून हवा आत जाते आणि पाणी चढायचा रस्ता बंद होतो. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाका, ती कुजली की जिवाणू वाढतात आणि दांड्याच्या नळ्या तुंबतात, फुलं माना टाकतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. बादली आपण स्वतः पाणी पिऊ इतकी स्वच्छ पाहिजे, रोज ब्लीचच्या पाण्यानं धुवून घ्या. मग सावलीत थंड जागी रात्रभर ठेवून फुलांना पोटभर पाणी पिऊ द्या, बुके करायच्या आधी दांडा परत दोन सेंटीमीटर तिरका कापा. फुलदाणीच्या पाण्यात लिटरला 10 ते 20 ग्रॅम साखर चालते पण सोबत ब्लीचचे दोन-चार थेंब आणि सायट्रिक आम्ल घालून पाण्याचा सामू (pH) 3.5 ते 4 च्या आसपास आणावा लागतो, नुसती साखर टाकली तर ती जिवाणूंनाच खाऊ होते.

कोल्ड स्टोरेज नाही म्हणून अडून बसू नका. विटांच्या दोन भिंती, मधे ओली वाळू, वर सावली, असा कक्ष केला तर कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहू शकतं. दमट हवेत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. फ्रीज वापरणार असाल तर बहुतेक फुलांना 2 ते 4 अंश ठीक, पण झिनियाला 4 अंशांच्या खालची थंडी बाधते, आणि अँथुरियम, ऑर्किडसारखी उष्ण भागातली फुलं 10 अंशांच्या खाली नेली की काळी पडतात. त्या फ्रीजमध्ये पिकती फळं अजिबात ठेवू नका. फळांतून इथिलीन वायू निघतो, कार्नेशन, लार्कस्पर, स्नॅपड्रॅगन त्यानं एका रात्रीत मिटतात नाहीतर गळतात.

आता वर्कशॉप. एका दादांनी विचारलंय की 12 लोक येणार तर फुलं किती लागतील. हिशोब उलटा करा. माणशी 20 दांडे धरा, त्यात 5 मोठी फुलं, 8 मध्यम, 7 पाला आणि फिलर. 12 जणांचे 240 झाले, वर पाव हिस्सा जास्त धरा कारण शिकणारा माणूस दांडा आखूड कापतो, मोडतो, आणि त्याला तसं करू दिलं पाहिजे, तर 300 दांडे. मोठी फुलं सूर्यफुलाची असतील तर 60 ऐवजी 90 बिया टाका, अर्ध्या तारखेच्या 60 दिवस आधी, अर्ध्या 53 दिवस आधी, म्हणजे हवा गार पडली की गरम झाली तरी दोन्हीतली एक खेप हाताशी लागते. एवढ्या सूर्यफुलांना जागा फक्त दोन-अडीच चौरस मीटर लागते, म्हणजे बाजाराचं पीक कुठंही कमी होत नाही. शिवाय बाजारात सरळ लांब दांड्यालाच भाव असतो, वर्कशॉपमध्ये थोडा वाकडा, थोडा आखूड दांडा सुंदर दिसतो, लोक तोच आधी उचलतात. पण रोगट किंवा दोन दिवसांचं शिळं फूल तिथं खपवू नका, मनापासून सांगतो.

तारीख जाहीर करताना फुलांची नावं जाहीर करू नका, "मोसमी फुलांचा बुके" एवढंच म्हणा. झिनिया फसली तर कोंबडा असेल, कोणाची तक्रार नाही. लोकांना फुलं तोडायला द्यायची असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी वेगळ्या ठेवा आणि तिथला रस्ता दोन माणसं शेजारून जातील एवढा रुंद ठेवा. मेन वाफ्यात सोडलं तर ते चुकीच्या जागी कापतात, आणि झिनियाचा पुढचा फुटवा जिथून येणार तोच डोळा जातो. बुकेसाठी लागणारी बाकी फुलं तुम्ही आदल्या दिवशीच कापून पाण्यात उभी केलेली असली पाहिजेत, ताजी तोडलेली फुलं लगेच बांधली की टिकत नाहीत, आणि हे असं का हे लोकांना सांगा, तेच खरं शिक्षण आहे.

मोसमी म्हणजे दर वेळी बुकेच पाहिजे असं नाही. हंगामाच्या सुरुवातीला पेरणीचं आणि रोपं करायचं वर्कशॉप घ्या, ऐन बहरात बुकेचं, बहर उतरताना सुकवायचं. गोम्फ्रेना, स्टॅटिस आणि कागदी पाकळ्यांचं हेलिक्रायसम ही त्यासाठी सगळ्यात सोपी. हेलिक्रायसम मधला भाग उघडायच्या आत कापा कारण ते सुकता सुकता उमलत राहतं. छोट्या जुड्या बांधून अंधाऱ्या, हवा खेळत्या खोलीत दोन-तीन आठवडे उलट्या टांगा. पावसाळी हवेत बुरशी येते, म्हणून हे काम हवा कोरडी आहे तोवर उरकून माल डब्यात बंद करा, मग वाफे रिकामे असतील त्या महिन्यांत त्याच मालावर सुक्या फुलांची गोल कडी, तोरणं करायचं वर्कशॉप होतं. डेलिया असेल तर कंद वेगळे करायचं पण शिकवता येतं, फक्त प्रत्येक तुकड्याला मानेशी डोळा आहे ना ते बघायला शिकवा, डोळा नसलेला कंद कितीही मोठा असला तरी उगवत नाही.

फवारणीबद्दल थोडक्यात पण कडक सांगतो. येणारा माणूस फूल आधी नाकाला लावतो, लहान मूल पाकळी तोंडात घालतं. लोकांना तोडायला ठेवलेल्या त्या दोन ओळींवर रासायनिक फवारणी करूच नका, फुलकिड्यांसाठी निळे आणि मावा, पांढरी माशी यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क वापरा, भुरीला (पानांवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीला) आळा घालायला रोपं दाट ठेवू नका आणि पाणी ड्रिपनं बुडाशी द्या. बाकी शेतात फवारलं असेल तर औषधाच्या लेबलवर लिहिलेला काळ पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही आत घेऊ नका. कण्हेर, लार्कस्पर, डिजिटॅलिस विषारी आहेत, मुलं असतील त्या दिवशी टेबलावर नकोत. घरी मांजर असेल त्याला लिली देऊ नका, तिचे पराग सुद्धा मांजराची किडनी घालवतात. मधमाशीची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का हे नाव नोंदवतानाच विचारा, प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर समोर असू दे, स्वच्छ टॉयलेट आणि बसायला सावली हे तर पाहिजेच.

फी किती ठेवू हे पण विचारलंय. फुलं घरचीच आहेत म्हणून फुकट धरू नका, बाजारात जो भाव मिळाला असता तो लावा, त्यात कागद, दोरा, कटरची झीज, आदल्या दिवशीची तोडणी आणि नंतरची झाडलोट यांची मजुरी मिळवा, स्वतःची पण. आलेला आकडा 12 नं नाही, 8 नं भागा, म्हणजे चार जण आले नाहीत तरी तोटा होत नाही. पैसे आधी घ्या आणि पाऊस आला तर दुसरी तारीख कोणती हे त्याच वेळी सांगून टाका.

शेवटचा प्रश्न, पहिल्याच वर्षी वर्कशॉप सुरू करू का? माझं मत, पहिला मोसम फक्त पीक घ्या आणि एक वही ठेवा. वाफ्याचा नंबर, पेरणीची तारीख, पहिला दांडा कधी कापला, शेवटचा कधी, एकूण दांडे किती. बियाण्याच्या पाकिटावरचे दिवस आणि तुमच्या मातीतले दिवस यात फरक पडतोच, आणि दुसऱ्या मोसमात तारीख जाहीर करायची ती या वहीवरून, पाकिटावरून नाही. अ‍ॅस्टरला किंवा ग्लॅडिओलसला मर (बुरशीनं रोप कोमेजून वाळायचा रोग) लागलेला वाफा कोणता तेही त्यातच लिहा, ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, तर तिथं पुढची तीन-चार वर्षं तेच पीक परत लावू नका.