365 फोटो राहू देत, एक कोपरा धरा

या वेळी आलेल्या पत्रांत फोटोग्राफीचीच जास्त होती आणि बहुतेकांचं दुखणं एकच, कॅमेरा घेतला, दोन-तीन महिने धडाधड फोटो काढले आणि मग गाडी अडली. चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): दोन वर्षांपूर्वी डीएसएलआर घेतला, सोबत 18-55 ची किट लेन्स आहे. दर 1 जानेवारीला ठरवतो की यंदा रोज एक फोटो, 365 पूर्ण करायचेच, पण संक्रांतीच्या पुढे कधी गेलो नाही. ऑफिसातून यायला आठ वाजतात. फोटो दोन वर्षांपूर्वी होते तसेच आहेत. नवी लेन्स घेऊ का? वर्षभर जमेल असं काहीतरी सांगा.

उत्तर: लेन्स आत्ता घेऊ नका, ते पैसे बाजूला ठेवा. आणि रोज एक फोटो हेही सोडून द्या, कारण रात्री आठला दमून आलेला माणूस कोटा भरायचा म्हणून टेबलावरच्या कपाचा फोटो काढतो, त्यातून हात सुधारत नाही की नजर सुधारत नाही. त्याऐवजी घरापासून दहा मिनिटांवरची एक जागा निवडा आणि वर्षभर दर रविवारी एक तास तिथेच जा. तुम्ही नाशिकचे, गोदाघाट आहे तुमच्याकडे, पण घाटच पाहिजे असं काही नाही, भाजी मंडईचा कोपरा चालेल, एखादं झाड चालेल.

मी साताऱ्यात घरासमोरच्या चहाच्या टपरीचे फोटो तीन वर्षं काढतेय. पहिल्या महिन्यात वाटलं झालं, संपलं, आता इथे काय नवीन काढायचं, आणि खरं शिकणं तिथूनच सुरू झालं. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमाराला ऊन तिरकं टपरीत शिरतं, पातेल्यातली वाफ मागून उजळते आणि मागचा पत्रा काळा राहतो, त्यामुळे वाफेची एकेक गुंडाळी दिसते. तीच टपरी जूनमध्ये त्याच वेळेला बघा, ऊन दुसऱ्याच बाजूने येतं आणि वाफ दिसतही नाही. आपल्याकडे जूनमधली आणि डिसेंबरमधली सूर्य उगवायची जागा यात जवळजवळ 50 अंशांचा फरक पडतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात, म्हणजे क्षितिजावर पाच मुठी सूर्य सरकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते टपरीसमोर उभं राहून.

झूमवर एक काम करा. किट लेन्स 35 वर आणा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. तुमच्या कॅमेऱ्यावर ते जवळपास जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या 50 मिलिमीटरसारखं दिसतं, आणि आँरी कार्तिए-ब्रेसाँ या नावाजलेल्या फ्रेंच फोटोग्राफरने बहुतेक सगळं आयुष्यभराचं काम 50 वरच केलं. झूम बंद झालं की पाय हलायला लागतात, पुढे जाता, खाली बसता, बाजूला होता आणि फ्रेम तिथे सुधारते. तीन महिने तरी पट्टी काढू नका.

महिन्याला एकच गोष्ट शिकायची. थंडीत तिरकं ऊन. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य 50 अंशांच्या आसपासच राहतो, म्हणून हिवाळ्यात दिवसभर सावल्या लांब आणि फोटो सोपे. जमलं तर एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन या, सकाळी लवकर, काहिलीतला रस उकळायला लागतो तेव्हा वाफेच्या पलीकडे सूर्य येईल असं उभं राहा, पण गुळव्याला आधी विचारा आणि चुलवाणाच्या फार जवळ जाऊ नका.

मे महिन्यात उलटं. पुण्यात तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जाते. त्या उन्हात माणसांचे चेहरे काढू नका, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. माणसाला ओसरीत किंवा दारात घ्या, फरशीवरून उलटणारा उजेड चेहऱ्यावर फार सुंदर पडतो. आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया त्याच कडक उन्हात काढा, त्यांना ते ऊनच पाहिजे. मेच्या शेवटी काजवे बघायला राजमाचीला किंवा भंडारदऱ्याला गेलात तर फ्लॅश आणि बॅटरी अजिबात नको, ते चमकून जोडीदार शोधत असतात, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. एका फोटोपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

पावसात शटर शिका, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते. सेकंदाच्या 1/60 ला पावसाच्या रेघा येतात, 1/500 ला थेंब थांबतात, आणि दोन्हीला मागे काहीतरी गडद लागतं, पांढऱ्या आभाळावर पाऊस दिसतच नाही. दिवाळीत पणत्यांचा उजेड, फ्लॅश बंद, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) 1600 पासून पुढे, फोटोत थोडा दाणा आला तर येऊ दे.

रात्री आठनंतरचा वेळ फोटो काढायला नको, बघायला ठेवा. फसलेले फोटो मोठे करून बघायचे. सगळंच एका दिशेला पुसल्यासारखं दिसतंय, तर हात हललाय. चेहरा धूसर पण मागची भिंत लख्ख, तर फोकस चुकलाय. बाकी सगळं ठीक आणि फक्त चालणारा माणूस पुसट, तर शटरचा वेग कमी पडला. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि आपण तिन्हीला नुसतं ब्लर आला म्हणून मोकळे होतो. वर्षभर हेच केलंत तर कुठली लेन्स हवी आणि हवी का, हे तुम्हालाच कळेल.

प्रश्न (रत्नागिरीहून एक वाचक): ताई, जूनमध्ये कॅमेरा नीट गुंडाळून कपाटात ठेवते आणि गणपतीला काढते. यंदा लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. हे काय आणि आता काय करू?

उत्तर: बुरशी आहे ती. माझीही एक लेन्स अशीच गेली, चामड्याच्या पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवली होती, आणि ते चामडंच ओल धरून बसलं. लेन्स लगेच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि चांगल्या रिपेअरवाल्याला दाखवा. लवकर साफ झाली तर वाचते, उशीर झाला तर बुरशी काचेवरचा कोटिंगचा थर खाते आणि मग डाग जात नाही. स्वतः खोलायला जाऊ नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये असला की झालं. जेलचा रंग बदलला की ते भिजलं, गरम करून परत वापरता येतं, फक्त निळं जेल स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करू नका, त्यात कोबाल्टचं रसायन असतं. आणि तीन महिने कोंडून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरलेला कॅमेरा बरा राहतो, म्हणजे पावसात फोटो काढायला हे एक चांगलं कारणच झालं. किनाऱ्यावरून आलात की किंचित ओल्या कापडाने कॅमेऱ्याची बॉडी पुसा, खारी हवा बटणांत जाऊन बसते. एसी गाडीतून उतरलात तर बॅगची चेन अर्धा तास उघडू नका, नाहीतर काचेवर लगेच वाफ धरते.

प्रश्न (सोलापूरचा एक कॉलेज विद्यार्थी): माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. आषाढीला वारीत फोटो काढले पण वारकऱ्यांचे कपडे एकतर राखाडी दिसतात नाहीतर चेहरे काळे येतात. कॅमेरा नसेल तर शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर: अरे आहे ना, नक्की आहे, आणि तुझ्या जिल्ह्यात अख्खी वारी येते, लोक त्यासाठी कुठून कुठून येतात. तुझा प्रॉब्लेम मोबाईलचा नाही. कुठलाही कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे फ्रेमभर पांढरी धोतरं, सदरे, टोप्या आल्या की तो सगळं खाली ओढतो आणि पांढऱ्याचं राखाडी करतो. चेहऱ्यावर बोट दाबून धर, फोकस लॉक होईल, मग बोट वर सरकवून उजेड वाढव. वाढवता वाढवता टोपीच्या घड्या दिसेनाशा झाल्या की थोडं मागे ये. आभाळ पांढरंफटक असेल तर त्याला फ्रेममधून काढूनच टाक, खाली घे, टाळ धरलेले हात घे, चिखलातले पाय घे. आणि आधी लेन्स शर्टाच्या टोकाने पूस, वारीत मोबाईलवर बुक्का आणि घामाचे डाग असतातच, त्याने सगळा फोटो धुरकट येतो.

रिंगणाचा घोडा बर्स्टवर, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो घेत काढ. पण एखादी माऊली विसाव्याला पाय चेपत बसली असेल तर आधी जवळ बस, चार शब्द बोल, मग विचार. नाही म्हणाली तर नाही.

प्रश्न (ठाण्याहून एक निवृत्त वाचक): फोनमध्ये आणि हार्ड डिस्कवर मिळून चाळीस हजार फोटो झालेत. सुधारणा होतेय की नाही हे कसं कळणार?

उत्तर: काका, दर महिन्याच्या शेवटी एक फोटो निवडा आणि 8 बाय 12 इंची प्रिंट काढा. एकच. त्या साइजला उत्तम प्रिंटसाठी साधारण साडेआठ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे 12 मेगापिक्सेलचा फोनसुद्धा पुरतो, फक्त लॅबला व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या. प्रिंट घरात रोज जाता-येता दिसेल अशी लावा, दरवाज्याशी किंवा फ्रिजवर. स्क्रीनवर भारी वाटलेला फोटो आठ दिवसांत नजरेला खुपायला लागतो, कोपऱ्यातली ती वायर, कापलेला हात, वाकडं क्षितिज, आणि पुढच्या महिन्यात कॅमेरा डोळ्याला लावताना ती वायर आधी दिसते. बारा झाल्या की जमिनीवर ओळीने मांडा आणि घरातल्या कुणाला तरी, शक्यतो लहान मुलाला, विचारा की यातला कुठला काढून टाकू. तो ज्यावर बोट ठेवेल त्याचं कारण त्याच्याकडूनच ऐका आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीने तारीख घालून लिहून ठेवा.