घरच्या फोनचा खर्च: कंपनी बदलू का, की पॅक बदलू?

या वेळी फोनच्या खर्चाबद्दलची पत्रं इतकी आली की सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी रिचार्जचे भाव वाढवले तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी आहे, आणि खेड्यावर तर जास्तच, कारण तिथे महिन्याचा पगार नसतो, पैसा पीक निघाल्यावर येतो.

प्रश्न : ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यावरून लिहून राहिली. घरी मामाजी, आत्याबाई (माहे सासरे-सासू), मी अन् दोन लेकरं, आमचे हे पुण्याले कंपनीत हायेत, त्यांचा रिचार्ज ते तिकडेच करतात. घरात माह्याजवळ एक मोठा फोन हाय, लेकरांचा अभ्यास त्याच्यावरच होते, अन् मामाजी-आत्याबाईजवळ बटनांचे साधे फोन. तिन्ही नंबरवर दर 28 दिवसाले 299 चा रिचार्ज मारावा लागते. वरून जुनी लँडलाईन हाय, तिचं बिल जीएसटी धरून तीनशेच्या आतबाहेर, अन् नालीच्या खोदकामात केबल तुटली तवापासून दोन महिने झाले फोन मुका, बिल मात्र बरोबर येते. मामाजी लँडलाईन काढू देत नाहीत, म्हणतात सगळ्या सोयऱ्यांजवळ हाच नंबर हाय. शेजारची म्हणते कंपनी बदल, अर्धा खर्च वाचते. कोणती कंपनी सगळ्यात स्वस्त हाय ते सांगजा, सोयाबीनचा पैसा हातात हाय तोवर काय ते करून टाकतो.

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि पहिले कागदावर हिशोबच मांडला. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षात 12 नाही, 13 रिचार्ज होतात, आणि बहुतेक घरी नेमका हाच तेरावा रिचार्ज मोजायचा राहून जाते. 299 गुणिले 13 म्हणजे एका नंबरचे 3887 रुपये, तीन नंबरचे 11661, लँडलाईनचे वर्षाचे साधारण 3600 धरले तर सगळे मिळून 15 हजाराच्या वर जाते. एवढ्यात एका एकराच्या बी-बियाण्याचा भार हलका होते हो.

आता कोणती कंपनी स्वस्त हा तुमचा प्रश्न, त्याच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पहिले फोन म्हणजे मिनिटाचा हिशोब होता, एसटीडी, म्हणजे बाहेरगावी फोन, लावायचा तर रात्री उशिरा दर पाव होईपर्यंत लोक जागत बसायचे, मग मोबाईल आले तरी एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीवर कॉल गेला की त्याचे पैसे कंपन्या एकमेकींना द्यायच्या, शेवटी शेवटी ते मिनिटाला 6 पैसे होते, आणि 1 जानेवारी 2021 पासून तेही बंद झाले. म्हणून आता पुण्याला बोला की शेजारच्या वाडीत बोला, पॅक असला की कॉल सारखाच. पैसा कॉलला लागत नाही, दिवसाला लागते. किती दिवस नंबर चालू राहीन आणि त्या दिवसात नेट किती, याचेच पैसे आपण देतो. मग मला सांगा, बटनांच्या फोनवर मामाजी रोजच्या नेटचं काय करतील? त्यांच्या पॅकमधला अर्धा पैसा असाच जाऊन राहिला.

याच्यावर ट्रायनं, म्हणजे टेलिफोनवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, 23 डिसेंबर 2024 ला नियम काढला की फक्त कॉल आणि एसएमएस असलेला पॅक कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत देता येईल. त्याच्यानंतर 2025 च्या जानेवारीत असे पॅक आले. तेव्हाचे भाव सांगते, एअरटेलचा 84 दिवसांचा 469 ला आणि 365 दिवसांचा 1849 ला, जिओचा 84 दिवसांचा 448 ला आणि 336 दिवसांचा 1748 ला. आजचा भाव रिचार्ज मारायच्या आधी दुकानात नाहीतर कंपनीच्या ॲपमध्ये पाहून घ्या, भाव बदलत राहतात. पण दिवसाचा हिशोब पाहा, 299 च्या पॅकचे दिवसाला साडेदहाच्या वर पडतात, आणि या कॉलवाल्या पॅकचे पाच-साडेपाच. म्हणजे कंपनी न बदलता, सिम न काढता, नुसता पॅक बदलला तर मामाजी आणि आत्याबाई दोघांचे मिळून वर्षाचे चार हजार वाचतात. हा पॅक दुकानदार आपणहून सांगीन याची वाट पाहू नका, "फक्त कॉलिंगचा, नेट नको" असं तोंडानं मागून घ्या. आणि सोयाबीनचा पैसा हातात आहे म्हणता तर वर्षाचा एकदमच मारा, म्हणजे मग उन्हाळ्यात हात रिकामा असताना फोन बंद पडण्याची भीती राहत नाही. तुमचा स्वतःचा फोन नेटचाच राहू द्या, लेकरांच्या अभ्यासात काटकसर करायची नाही.

आता कंपनी बदलायची गोष्ट. बदलू नका असं मी म्हणत नाही, पण घरात रेंज येते का ते आधी पाहा, भाव नंतर. हे मी अनुभवानं सांगून राहिली. माझ्या बाबांचा नंबर मी अशीच घाईत दुसऱ्या कंपनीत नेला होता, शहरात माझ्याजवळ त्याच कंपनीची रेंज चांगली होती म्हणून गावातही असीनच असं धरून चालली, आणि गावी घरात, टिनाच्या खाली, एक कांडीही येत नव्हती. बाबांना फोन घ्यायला आंगण ओलांडून रस्त्यावर यावं लागे, त्यात पावसाळा, आणि एकदा पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की 90 दिवस परत दुसरीकडे जाता येत नाही. ते तीन महिने मला अजून आठवतात. म्हणून गावात ज्याच्याजवळ त्या कंपनीचं सिम आहे त्याला चहाला बोलवा, त्याचा फोन घेऊन सैपाकघरात, ओसरीवर, मामाजी झोपतात त्या खोलीत, आणि वावरात जाऊन कॉल लावून पाहा. लाईन, म्हणजे वीज, गेल्यावरही एकदा लावून पाहा, काही टॉवर लाईन गेली की थोड्या वेळानं बंद पडतात आणि आपल्याकडे लाईन किती वेळ जाते ते सांगायला नको.

दुसरं, मामाजींचा बटनांचा फोन जुना 2जी वाला असीन तर त्याच्यात जिओचं सिम चालणारच नाही, त्यांचं नेटवर्क 4जी पासूनच सुरू होते. ही गोष्ट दुकानात पुष्कळदा सांगत नाहीत, सिम घरी आणल्यावर कळते. त्यांचा जिओभारत म्हणून बटनांचाच 4जी फोन आहे, 2023 मध्ये 999 ला आला तेव्हा त्याचा 28 दिवसांचा पॅक 123 चा होता, तो हिशोब वर्षाला 1600 च्या आत बसते, पण त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही हे ध्यानात ठेवून घ्या. बीएसएनएलचं 4जी 2025 च्या सप्टेंबरात देशभर सुरू केलं, त्यांचे पॅक पुष्कळांना परवडतात, तुमच्या गावच्या टॉवरवर ते लागलं का ते मात्र गावातच विचारा.

लँडलाईनचं सांगते, हे जरा मनाला लागीन. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते तसं लँडलाईनचं नाही, एका कंपनीचा तुमचा 07238 कोडवाला नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. मामाजींचं म्हणणं चुकीचं नाही, ज्या नंबरवर लग्नाच्या बोलण्या झाल्या, दवाखान्यातून निरोप आले, तो नंबर असा एका दिवसात टाकून देता येत नाही. पण मुक्या फोनचं बिल भरणं बरोबर नाही. पहिले लेखी तक्रार द्या, तक्रार क्रमांक घ्या, आणि जितके दिवस लाईन बंद होती तितक्याची भाडेसूट बिलात मागा. ती मागितल्याशिवाय मिळीन असं धरू नका. तिथे ऐकलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तोच क्रमांक लिहून अर्ज करता येते.

तार दुरुस्त होतच नसीन तर तोच नंबर फायबरवर, म्हणजे काचेच्या तारेवर, घेता येते का ते विचारा. जुन्या तांब्याच्या लाईनवरून त्याच कंपनीच्या फायबरवर गेलं तर नंबर तोच राहू शकते, आणि फायबरच्या पॅकमध्ये कॉल आणि वायफाय दोन्ही असते. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे सरकारच्या गावोगावी नेट नेणाऱ्या योजनेची, फायबर आली असीन तर तिथून घरापर्यंत ओढून देणारा माणूस तालुक्याच्या गावी भेटते. एक गोष्ट मात्र मामाजींना आधीच सांगून ठेवा, तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन एक्सचेंजवरून यायची म्हणून घरची वीज गेली तरी फोन वाजायचा, फायबरचा डबा घरच्या विजेवर चालते, वीज गेली की तोही गेला. छोटी बॅटरी लावून घेतली तर काम भागते.

आणि लँडलाईन बंदच करायचं ठरलं तर घाई करू नका. लाईन चालू करून घ्या, महिना-दोन महिने राहू द्या, मामाजींना वही घेऊन बसवा, ज्यांचे ज्यांचे फोन येतात त्यांना मामाजींनीच आपल्या तोंडानं नवा नंबर सांगावा. मग अर्ज द्या, पोच घ्या, अनामत रक्कम भरली असीन तर तिचा परतावा त्याच अर्जात मागा. लँडलाईन गेली आणि दोघांचे पॅक बदलले तर तुमचा वर्षाचा खर्च 15261 वरून 7585 वर येते, हिशोब मी तीनदा तपासला.

प्रश्न : पोर्ट केल्यावर नंबर बदलते का? माझं बँकेचं खातं, पीएम किसान, आधार सगळं एकाच नंबरवर आहे. आमचा रिचार्ज पण संपलेला आहे, तर पोर्टसाठीचा एसएमएस जाणार का? — एक शेतकरी वाचक, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : काकाजी, नंबर तोच राहते, आणि नंबर तोच म्हणून बँक, आधार, पीएम किसान कुठेच काही बदलायचं काम नाही. मोबाईलमध्ये PORT ऐवजी काही भलतं लिहू नका, इंग्रजी मोठ्या अक्षरात पी-ओ-आर-टी, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि तो एसएमएस 1900 वर. उलट एक आठ अक्षरी कोड येते, त्याला यूपीसी म्हणतात. आपल्याकडे तो चार दिवसच चालते, म्हणून बाजाराच्या दिवशी दुकानात जायचं असीन तर आदल्या दिवशी मागवा, आठ दिवस आधी नाही. आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तीन कामाच्या दिवसात होते. जुनं सिम नेटवर्क सोडत नाही तोवर फेकू नका, ते बंद पडलं की नवं टाका, मधात काही वेळ फोन बंद राहीन. बँकेचं मोठं काम त्या दिवशी ठेवू नका.

रिचार्ज संपलेला असला तरी 1900 चा एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे असा आदेश ट्रायनं डिसेंबर 2021 मध्येच दिला आहे, म्हणून "आधी मोठा रिचार्ज मारा मग पोर्ट करा" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जुन्या सिममध्ये शिल्लक असलेला बॅलन्स आणि पॅक मात्र सोबत येत नाही, म्हणून पॅक संपत आला की मगच पोर्टच्या मागे लागा. नंबर त्या कंपनीत 90 दिवसांचा झालेला पाहिजे, आणि सिम हरवून नवं काढलं असीन तर 1 जुलै 2024 पासून त्याच्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. पोस्टपेड असीन तर बिल भरून टाका.

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात छत्री लावून सिमवाले बसतात. माझ्या आईनं फुकट सिम मिळते म्हणून पोर्ट करायला दिलं तर त्यानं दोन-तीन वेळा अंगठा घेतला, म्हणे मशीन घेत नाही. मला भीती वाटून राहिली. — एक विद्यार्थिनी, चिमूर तालुका

उत्तर : बाई, तुझी भीती बरोबर आहे आणि तू विचारलंस ते फार चांगलं केलंस. मशीन खरंच कधीकधी अंगठा घेत नाही, शेतात काम करून म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या अंगठ्यावर आईच्या नावानं आणखी एखादं सिम निघू शकते आणि ते कोणाच्या हातात जाईन ते सांगता येत नाही. आजच सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जा, तिथे आईचा नंबर टाकून ओटीपी दिला की तिच्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते. ओळखीचा नसलेला नंबर असीन तर तिथेच "हा माझा नंबर नाही" म्हणून नोंदवता येते. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन कर. आणि "तुमचा नंबर दोन तासात बंद होणार" असा फोन आला तर तो खोटा समज, ट्राय असे फोन करत नाही. आईला सांग, यूपीसीचा कोड किंवा ओटीपी फोनवर कोणालाच वाचून दाखवायचा नाही, आणि पुढच्या वेळी पोर्ट करायला तूच तिच्यासोबत जा.