पाचही लाइनमन मार्चमध्येच विकत घ्यावेत का?

एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉल) एका संघाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) तरुण आहे, गेल्या मोसमात त्याचे साठाच्या वर सॅक झाले (बॉल फेकण्याआधीच त्याला पाडलं गेलं), सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेत) भरपूर जागा मोकळी आहे. मग संघाने फ्री एजन्सीतून (मोकळ्या खेळाडूंच्या मार्चमधल्या बाजारातून) पाचच्या पाच नवे लाइनमन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी) का आणू नयेत?

तीन आणावेत, आणि ते आतले तिघे असावेत: सेंटर आणि दोन गार्ड. कडेचे दोन टॅकल ड्राफ्टमधून (नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) किंवा ट्रेड करून (दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून) मिळवावे लागतात, कारण चांगला टॅकल बाजारापर्यंत सहसा पोचतच नाही. तिशीच्या आतला, धडधाकट लेफ्ट टॅकल कुठलाही संघ सहसा सोडत नाही. करार वाढवतो, नाहीतर फ्रँचायझी टॅग लावतो (ठरलेल्या रकमेवर त्याला एक वर्ष रोखून धरतो). गार्ड मात्र सुटतात, आणि त्याला नियमच कारणीभूत आहे. टॅगची रक्कम ठरवताना सेंटर, गार्ड आणि टॅकल एकाच गटात धरले जातात. टॅकलच्या पगारांमुळे तो आकडा वर जातो, मग गार्डला टॅग लावणं परवडत नाही. २०२५ मध्ये कॅन्सस सिटीने ट्रे स्मिथला २ कोटी ३४ लाख डॉलरचा टॅग लावला तो अपवाद, आणि तोसुद्धा पुढे ४ वर्षांच्या ९ कोटी ४० लाखांच्या करारात बदलला.

बाजारातल्या टॅकलचा इतिहास बघा. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने नेट सोल्डरला ४ वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर दिले. त्या मोसमात त्यांचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंगचे ४७ सॅक झाले. २०१९ मध्ये रेडर्सनी ट्रेंट ब्राऊनला ६ कोटी ६० लाखांचा करार दिला. दोन मोसमांत तो १६ सामने खेळला आणि ट्रेडमध्ये परत न्यू इंग्लंडला गेला. दोघेही चांगले खेळाडू होते, दोघांकडे सुपर बोल (अंतिम सामना) जिंकल्याची अंगठी होती. पण मार्चमधली किंमत मागणीवर ठरते, खेळावर नाही, आणि टॅकलचा तुटवडा कायमचाच आहे.

आता सिनसिनाटीकडे या, कारण तुमच्या मनातला प्रयोग जवळजवळ जसाच्या तसा तिथे झाला. २०२१ च्या मोसमात क्वार्टरबॅक जो बरोचे ५१ सॅक झाले, वर प्लेऑफच्या चार सामन्यांत १९. सुपर बोलच्या शेवटी चौथा डाऊन (शेवटचा प्रयत्न) होता, एक यार्ड हवा होता. प्रतिस्पर्धी संघाच्या ॲरन डोनाल्डने डाव्या गार्डला मागे टाकून बरोला गाठलं, पडता पडता त्याने बॉल फेकला, पास वाया गेला आणि तोंडाशी आलेला घास गेला. महिन्याभरात संघाने ॲलेक्स कॅपा (राईट गार्ड) आणि टेड कॅरस (सेंटर, ३ वर्षं, १ कोटी ८० लाख) यांना घेतलं. डॅलसने ला'एल कॉलिन्सला सोडल्यावर राईट टॅकलही आणला. डाव्या गार्डवर ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतला नवखा कॉर्डेल व्होल्सन आला. जुना फक्त लेफ्ट टॅकल जोना विल्यम्स.

पहिल्या सामन्यात ७ सॅक, दुसऱ्यात ६. दोन्ही सामने हरले, आणि पैसे पाण्यात गेले अशी ओरड सुरू झाली. पण त्याच पाच जणांनी पहिल्या १५ सामन्यांत सुरुवात केली, आणि मोसमअखेर बरोच्या सॅकची संख्या ४१ वर थांबली. म्हणजे पहिल्या दोन सामन्यांत १३ आणि उरलेल्या चौदांत २८.

असं का झालं? पाच जणांची लाईन म्हणजे पाच खेळाडूंची बेरीज नव्हे, चार सांध्यांची साखळी आहे, आणि सांधा एकत्र खेळूनच बसतो. एकच स्टंट (बचावपटूंची जागा बदलून घुसण्याची चाल) जवळून बघा. समोरचा डिफेन्सिव्ह टॅकल (प्रतिस्पर्ध्याचा आतला बचावपटू) आपल्या गार्डला सोडून बाहेर, आपल्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर आदळतो. त्याच वेळी कडेचा एंड त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत घुसतो. गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली होईपर्यंत धरून ठेवायचा आणि मग लगेच आत येणाऱ्या एंडकडे वळायचं. लवकर सोडला तर टॅकल दोघांत सापडतो, उशीर झाला तर एंड थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर. हे तेव्हाच जमतं जेव्हा गार्ड आणि टॅकल एका रेषेत उभे असतात. गार्ड स्नॅपबरोबर (सेंटरने बॉल मागे देताच) पुढे झेपावून ब्लॉक करणारा आणि टॅकल दोन-तीन यार्ड मागे सरकत जाणारा असेल, तर दोघांच्या मधली फट प्रत्येक संघाला फिल्मवर दिसते. कबड्डीत साखळीतला एक पुढे आणि एक मागे राहिला की चढाईवाला मधून निसटतो, तसंच. म्हणून गार्ड घेताना त्याच्या शेजारी कोण खेळणार हे आधी ठरलेलं हवं. नुसता वैयक्तिक दर्जा बघून घेतला की हे पुढे अंगाशी येतं.

आणि ही सवय लावायला वेळ फार कमी मिळतो. खेळाडू संघटनेबरोबरच्या करारानुसार वसंत ऋतूतल्या सरावात पॅड घालता येत नाहीत, धक्काबुक्की चालत नाही. लाइनमनचं खरं काम सुरू होतं ते जुलैअखेर, ट्रेनिंग कॅम्पमध्ये. प्रीसीझनचे सामने तीनच, त्यात पहिल्या फळीला फारसं खेळवत नाहीत. सिनसिनाटीत भरीस भर म्हणजे बरोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि कॅम्पचा मोठा भाग त्याच्याविना गेला. कॅडन्स (स्नॅपआधीच्या आरोळीची लय), ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) ओळखून हाका देणं, बाहेरच्या मैदानावर गोंगाटात चालणारा सायलेंट काउंट (आवाजाविना, खुणेवर स्नॅप), हे सगळं सेंटर आणि क्वार्टरबॅक यांच्यात बसायला लागतं. तुम्ही नवी लाईन बांधलीत तर सप्टेंबरचे दोन-तीन सामने वाईट जाणार हे धरूनच चाला.

कॅन्सस सिटीचं २०२१ चं उदाहरण 'त्यांनी पैसे टाकून लाईन विकत घेतली' असं सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. सुपर बोलमध्ये टॅम्पा बेकडून ९–३१ हरल्यावर त्यांनी एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल सोडले. पण नव्या लाईनमध्ये फ्री एजन्सीतून टिकलेला एकच: लेफ्ट गार्ड जो थुनी, ५ वर्षं, ८ कोटी. लेफ्ट टॅकल ओरलँडो ब्राऊन बाल्टिमोरकडून पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) देऊन आणला. सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि राईट गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत मिळाला. निवृत्तीतून परत आणलेला काईल लाँग दुखापतीमुळे एकही स्नॅप खेळला नाही. तरी त्याला घेणं चूक नव्हतं. एक वर्षाचा करार होता, जोखीम तेवढ्यापुरतीच होती.

अलीकडचे दोन दाखलेही हेच सांगतात. कॅरोलायनाने २०२४ मध्ये रॉबर्ट हंट (५ वर्षं, १० कोटी) आणि डेमियन लुईस (४ वर्षं, ५ कोटी ३० लाख) हे दोन गार्ड घेतले, टॅकल स्वतःच्या ड्राफ्टमधलेच ठेवले. त्यांचा क्वार्टरबॅक ब्राईस यंगचे सॅक ६२ वरून २९ वर आले. तो दोन सामने कमी खेळला हे धरूनही फरक मोठा आहे. शिकागोने २०२५ मध्ये क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सच्या ६८ सॅकनंतर आतले तिघेही बदलले. सेंटर ड्रू डालमन फ्री एजंट म्हणून ३ वर्षांसाठी ४ कोटी २० लाखांना घेतला. थुनी चौथ्या आणि जोना जॅक्सन सहाव्या फेरीच्या पिकवर ट्रेडने आले. पुढच्या मोसमात सॅक २४. यात नव्या कोचचा आणि विल्यम्सने बॉल लवकर सोडण्याचा वाटाही आहेच. तुमच्या क्वार्टरबॅकचे सॅक स्नॅपनंतर किती वेळाने झाले ते आधी तपासा. तीन सेकंदांच्या पुढचे बरेचसे सॅक त्याच्या स्वतःच्या खात्यात जातात, आणि त्यांचा इलाज गार्ड विकत घेऊन होत नाही.

पैशांची मांडणी. समजा गार्डला ४ वर्षं, ४ कोटी दिले, त्यात १ कोटी २० लाख साइनिंग बोनस. तो बोनस कॅपवर दरवर्षी ३० लाख असा पसरतो (जास्तीत जास्त ५ वर्षं पसरवता येतो). पहिल्या वर्षी मूळ पगार १५ लाख ठेवला तर कॅपवर ४५ लाखच दिसतात आणि सगळं स्वस्त वाटतं. दोन वर्षांनी सोडायचा झाला की उरलेले ६० लाख डेड मनी (खेळाडू गेल्यावरही कॅपवर राहणारी रक्कम) म्हणून एकदम अंगावर येतात. १ जूननंतर सोडला तर ३० आणि ३० असे दोन वर्षांत विभागतात. असे तीन करार एकाच मार्चमध्ये केलेत तर तिसऱ्या वर्षी तिन्हींचा निर्णय एकदम समोर येतो. त्यामुळे एकाचा करार दोन वर्षांचा, एकाचा तीन आणि एकाचा चार असा ठेवा. दुखापतींचा इतिहास असेल तर पगाराचा काही भाग प्रत्येक सामन्यामागे मिळणाऱ्या रोस्टर बोनसमध्ये टाका. खेळला तर मिळेल, नाही तर वाचेल.

दुसऱ्या संघाने सोडलेल्या खेळाडूंवर खास नजर ठेवा. करार संपून आलेला मोठा फ्री एजंट घेतला की तुमचा कॉम्पेन्सेटरी पिक (गमावलेल्या खेळाडूंच्या बदल्यात मिळणारा जादा पिक) जाऊ शकतो. सोडून दिलेला खेळाडू त्या हिशोबात येत नाही, ट्रेडने आलेलाही नाही. मार्चमधल्या वाटाघाटींची मुभा सोमवारी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी १२ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होते, आणि नावाजलेले गार्ड पहिल्या काही तासांत संपतात. तिथे हात आखडता घेऊ नका, पण एकावरच थांबा. दुसरा गार्ड आठवड्याभराने, संघांनी आपले महागडे खेळाडू सोडल्यावर शोधा.

राखीव फळीकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि खरं घोडं तिथेच अडतं. २०२२ च्या शेवटी सिनसिनाटीचे कॉलिन्स, कॅपा आणि जोना विल्यम्स एकापाठोपाठ जायबंदी झाले. बफेलोला बर्फात तीन बदली लाइनमन घेऊन त्यांनी २७–१० हरवलं, पण पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीने बरोला ५ वेळा पाडलं. आठ लाइनमन सज्ज असतील तर सामन्याच्या दिवशी ४७ ऐवजी ४८ खेळाडू उतरवता येतात, म्हणून आठवी जागा फुकट जात नाही. दोन्ही बाजूंना खेळू शकणारा अनुभवी टॅकल आणि सेंटर-गार्ड दोन्ही जमणारा एक, हे दोघे मार्चअखेरपर्यंत करारबद्ध हवेत. ऑगस्टअखेर वेव्हर्सवर (इतर संघांनी सोडलेल्यांच्या यादीत) जे मिळतात त्यांना तुमच्या हाका शिकायलाच ऑक्टोबर उजाडतो.