‘जिवंत जीवाश्म’ आणि ‘प्रजाती’

लिंग्युला या समुद्री प्राण्याबद्दल प्रश्न असा आलाय: ‘लिंग्युला ही पन्नास कोटी वर्षं जुनी प्रजाती जिवंत जीवाश्म आहे’, या वाक्यातला ‘जिवंत जीवाश्म’ हा वदतोव्याघात नाही का?

आहे, पण जाणूनबुजून केलेला. जीव अधिक अश्म, म्हणजे दगड झालेला जीव. तो जिवंत कुठून असणार? इंग्रजीतला मूळ शब्दप्रयोग डार्विनचा, १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मधला, आणि तोही इतकाच विरोधाभासी. गंमत म्हणजे तो त्यानं प्लॅटिपससारख्या प्राण्यांसाठी वापरला. लिंग्युलाबद्दल दुसरीकडे एवढंच म्हटलं, की सिल्युरियन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातले लिंग्युला आजच्यांहून फारसे वेगळे नाहीत. (जाता जाता: ‘जिवंत’मध्ये ऱ्हस्व जि, ‘जीवाश्म’ तत्सम म्हणून दीर्घ जी.)

मला खटकते ती ‘प्रजाती’. मराठी जीवशास्त्रात स्पीशीज म्हणजे जाती, तिच्या वरची पायरी प्रजाती किंवा वंश, मग कुल, मग गण. हिंदीत स्पीशीजलाच ‘प्रजाति’ म्हणतात आणि बातम्यांतून तो अर्थ आपल्याकडेही शिरलाय. इथे मात्र दोन्ही अर्थांनी वाक्य चुकतं. पन्नास कोटींहून जुना आहे तो लिंग्युलिडा हा गण.

लिंग्युला दिसायला शिंपल्यासारखा, पण शिंपला नव्हे, ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन झाकणांच्या समुद्री प्राण्यांच्या एका वेगळ्याच गटातला. जिभेच्या आकाराची दोन झाकणं, तीही चुन्याची नाहीत, कॅल्शियम फॉस्फेटची. मागे लांब मांसल देठ. त्याच्या आधारानं तो चिखलातल्या उभ्या बिळात राहतो. नावही लॅटिनमधल्या ‘छोटी जीभ’वरून आलंय, आपल्या ‘लिंग’शी त्याचा संबंध नाही. बिळात शिरायला हा आकार सोयीचा, म्हणून तो पुन्हा पुन्हा दिसतो. खडकात बहुधा तेवढाच उरतो, आणि जुन्या अभ्यासकांनी जिभेसारखं दिसेल त्याला लिंग्युला म्हणून टाकलं. वेल्समधल्या कॅम्ब्रियन, म्हणजे सिल्युरियनहूनही जुन्या काळातल्या खडकांना ‘लिंग्युला फ्लॅग्ज’ नाव पडलं ते असंच. तिथला प्राणी आता लिंग्युलेला या वेगळ्या प्रजातीत गेलाय.

क्रिश्चन एमिग या फ्रेंच अभ्यासकानं झाकणांच्या आतले स्नायूंचे ठसे तपासले, तर ते काळानुसार बदललेले निघाले. २००३ साली त्यानं लिंग्युला जिवंत जीवाश्म नाहीच, असं ठामपणे मांडलं. २०१५ साली लिंग्युलाचा जनुकसंच वाचला गेला, त्यातही बदल थांबल्याची खूण नाही.

तेव्हा वाक्य असं करावं: ‘लिंग्युला ज्या गणात मोडतो, तो पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे.’